बाल्कनी, डेक आणि वालचंदशेठ

सुरुवातीलाच सांगते, हा प्रवासवर्णनाचा लेख नाही. प्रवास अजून व्हायचाय. आणि मराठीबद्दल थोडं सांभाळून घ्या, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये होते, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाचा आणि माझा छत्तीसचा आकडा आहे.

तर झालं असं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे मालवणला घरी जमलो होतो. फराळ झाल्यावर बाबांनी लॅपटॉप उघडला आणि जाहीर केलं की यंदा आजीला घेऊन आपण क्रूझवर जायचं. मुंबई ते गोवा आणि परत! जहाजाचं नाव एम्प्रेस. घरात एकदम संसदेचं अधिवेशन सुरू झालं. कारण तिकीट काढायचं म्हणजे आधी खोली निवडायची आणि खोल्यांचे प्रकार चार. इनसाइड म्हणजे आतली, खिडकी नाही, काही नाही, चार भिंती आणि एक आरसा. ओशन व्ह्यू म्हणजे काचेची बंद खिडकी. बाल्कनी म्हणजे खोलीला स्वतःचा छोटासा सज्जा, दोन खुर्च्या आणि समोर समुद्र. आणि शेवटी स्वीट, ज्याची किंमत बघून बाबांनी ते पान लगेच बंद केलं.

बाबांचं म्हणणं, खोलीत फक्त झोपायचं असतं, इनसाइड घेऊ. आईचं म्हणणं, एवढं जातोय तर बाल्कनीच घेऊ. माझ्या भावाचं म्हणणं, वायफाय कुठे चांगलं मिळतं ते बघा. आणि आजी? ती सुपारी कातरत सगळं ऐकत होती. मग तिने शांतपणे विचारलं की समुद्र बघायचे वेगळे पैसे का द्यायचे? ती दहा वर्षांची असताना, १९५५ साली, मालवणहून मुंबईला आगबोटीने गेली होती, डेकच्या तिकिटावर. वळकटी पसरायची, ट्रंक उशाशी घ्यायची आणि रात्रभर समुद्र बघायचा. फुकटात! अर्थात तिला बोट लागली होती आणि अर्धी रात्र ती कठड्याला धरून उलट्या करत होती, हेही तिनेच सांगितलं.

मी सहज विचारलं, बोट कुठल्या कंपनीची होती? तिने सांगितलं, सिंदियाची. तिच्या वडिलांना हे नाव घेताना फार अभिमान वाटायचा म्हणे, कारण ही आपल्या लोकांची कंपनी. गिरणीत काम करणारा, डेकवर वळकटी टाकून झोपणारा माणूस, आणि त्याला बोटीच्या मालकाचा अभिमान! मला हे काही झेपलं नाही. म्हणून मी शोधायला बसले आणि एका माणसापाशी येऊन थांबले. त्या माणसाचं नाव मला माहीत होतं. तुम्हालाही माहीत आहे. कॅप राउंडच्या ऑप्शन फॉर्ममध्ये मी पहिल्या नंबरावर तेच भरलं होतं, सांगलीचं वालचंद कॉलेज. मार्क कमी पडले, नंबर लागला नाही, असो! पण ज्याच्या नावाच्या कॉलेजात जायला आपण एवढे धडपडतो तो माणूस कोण, हे मी कधी बघितलंच नव्हतं.

वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घराणं मूळचं गुजरातमधलं, जैन, व्यापार-सावकारी करणारं, पण कित्येक वर्षांपासून सोलापुरात राहून पक्कं मराठी झालेलं. आई लहानपणीच गेली. शिक्षण सोलापूर, मुंबई आणि पुणे इथे झालं, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. घरचा धंदा कापसाचा, धान्याचा, व्याजबट्ट्याचा. गादीवर बसायचं आणि वही लिहायची. त्यात या मुलाचं मन रमेना.

तेव्हा त्यांना भेटले लक्ष्मणराव फाटक. हे रेल्वेत कारकून होते आणि त्यांना कंत्राटदार व्हायचं होतं. एकाकडे कामाची माहिती, दुसऱ्याकडे भांडवल. दोघांनी मिळून फाटक-वालचंद ही भागीदारी सुरू केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरुवात केली. सोलापूरच्या पेढीवरच्या मुलाने माती उपसायची, रूळ टाकायचे कंत्राट घ्यावं, हे त्या काळात घरच्यांना कितपत आवडलं असेल? पण याच कामातून पुढे हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली, १९२६ साली. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे भोर घाटातले रेल्वेचे बोगदे. पुढच्या वेळी पुणे-मुंबई ट्रेनमध्ये खंडाळ्याला बोगद्यात अंधार झाला की आरडाओरडा करण्याआधी ही गोष्ट आठवा.

पण आपला विषय जहाज. सोलापूरला समुद्र नाही. तिथे धड मोठी नदीसुद्धा गावातून जात नाही. अशा गावच्या माणसाला जहाजाचं वेड लागलं कसं? तर एका रेल्वे प्रवासात! पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. १९१९ च्या सुरुवातीला वालचंदशेठ रेल्वेने मुंबईला येत होते. डब्यातल्या एका इंग्रज सहप्रवाशाशी गप्पा निघाल्या आणि त्यांना कळलं की ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचं एक जहाज मुंबई बंदरात उभं आहे आणि ते विकायचं आहे. असं सांगतात की मुंबईत उतरल्यावर वालचंदशेठ वेळ न घालवता थेट जहाज बघायलाच गेले. आपण रेल्वेत गप्पा मारतो आणि उतरल्यावर विसरतो. हा माणूस गप्पा मारून जहाज घेऊन आला!

आता हे जहाज काय होतं ते ऐका, कारण इथे मला अक्षरशः काटा आला. त्या जहाजाचं तेव्हाचं नाव होतं लॉयल्टी. पण १८९१ साली ते प्रवासाला निघालं तेव्हा त्याचं नाव होतं एम्प्रेस ऑफ इंडिया. कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचं हे जहाज. पांढरंशुभ्र, दोन पिवळसर धुरांडी, तीन डोलकाठ्या, लांबी सुमारे ४५५ फूट, टनेज जवळजवळ ६ हजार टन, वेग १६ नॉट. पहिल्याच सफरीत ते इंग्लंडहून सुएझ कालव्यातून, आशियाच्या बंदरांना लागत कॅनडाला गेलं आणि कंपनीने त्यासाठी सहाशे डॉलरमध्ये जगप्रदक्षिणेची तिकिटं काढली होती. म्हणजे आजच्या भाषेत चक्क क्रूझ व्हेकेशन! महायुद्धात शिंदे महाराजांनी ते घेऊन हिंदी सैनिकांसाठी हॉस्पिटलचं जहाज केलं आणि नाव बदलून लॉयल्टी ठेवलं.

या जहाजाची रचना बघितली की त्या काळचा समाजच दिसतो. पहिल्या वर्गाला १२० जागा, दुसऱ्या वर्गाला ५० आणि सगळ्यात खालच्या स्वस्त वर्गाला ६००. सहाशे माणसं जिथे कोंबायची ती जागा खाली, आणि एकशेवीस माणसांसाठी मधला, हवेशीर, उत्तम भाग. बाल्कनी मात्र पहिल्या वर्गालाही नव्हती. तेव्हाच्या खोल्यांना गोल खिडकी असायची आणि हवा खायला सगळ्यांनी सामायिक डेकवर फेऱ्या मारायच्या. कारण साधं आहे. लाटा जिथवर पोचतात तिथे भिंतीला मोठं भोक पाडून चालत नाही, आणि वरच्या बाजूला मजल्यावर मजले चढवले तर जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि स्थिरता कमी होते. मेटासेंट्रिक हाइटचा चॅप्टर आपण ऑप्शनला टाकतो, पण जहाजं त्याच्यावरच तरंगतात! खाजगी सज्जे सरसकट येऊ लागले ते अगदी अलीकडे. १९८४ मधल्या रॉयल प्रिन्सेस या जहाजात सगळ्या प्रवासी खोल्या समुद्राकडे तोंड करून ठेवल्या, हे तेव्हा फार मोठं नवल होतं.

असो. मूळ गोष्टीकडे येते. वालचंदशेठ, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास या मंडळींनी मिळून लॉयल्टी विकत घेतलं आणि २७ मार्च १९१९ ला सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. जहाज शिंद्यांचं, म्हणून नाव सिंदिया. आणि लगेच, ५ एप्रिल १९१९ ला, लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघालं. वालचंदशेठ आणि नरोत्तम मोरारजी दोघेही त्यावर होते. युद्ध संपल्यावर इंग्लंडला जाणाऱ्या जहाजांवर जागा मिळणं मुश्किल झालं होतं. अशा वेळी हिंदी मालकीचं जहाज हिंदुस्थानातून प्रवासी घेऊन निघालं. म्हणूनच १९६४ पासून ५ एप्रिल हा आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात. आमच्या मालवणात बंदरावर राहूनसुद्धा मला हे ठाऊक नव्हतं.

लॉयल्टीवर वालचंदशेठनी कुठली खोली घेतली होती याची मला फार उत्सुकता होती. पण वाचता वाचता लक्षात आलं की प्रश्नच चुकलाय. बाकीचे प्रवासी खोली निवडत होते, या माणसाने जहाज निवडलं होतं! दुसऱ्याच्या जहाजावर चांगली जागा मिळवणं ही एक गोष्ट. पैसे असले की ती मिळते, आणि पैसे वालचंदशेठकडे होते. पण जागा कुणाला द्यायची, भाडं किती घ्यायचं, माल कुणाचा आधी चढवायचा, कप्तान कुणाला करायचं हे सगळं ठरवतो तो जहाजाचा मालक. हिंदुस्थानला एवढा लांबलचक किनारा, पण त्या किनाऱ्यावरून चालणाऱ्या मोठ्या आगबोटी जवळजवळ सगळ्या इंग्रज कंपन्यांच्या. त्यांना नेमकं हेच खटकत होतं.

पुढची गोष्ट मात्र सिनेमासारखी सरळ नाही. लॉयल्टी जुनं झालेलं होतं, खर्च डोईजड होता. १९२३ मध्ये ते मुंबईतच मोडीत निघालं. पहिलं जहाज, केवढा अभिमान, आणि चार वर्षांत भंगार! कंपनीने इंग्लंडमध्ये आणखी मालवाहू जहाजं घेतली होती, तीही महायुद्धानंतरच्या तेजीच्या चढ्या भावाने. लगेच मंदी आली. त्यात समोर उभे होते लॉर्ड इंचकेप. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या दोन बलाढ्य कंपन्यांचे प्रमुख. त्यांनी भाडी पाडायला सुरुवात केली. मोठ्या कंपनीला एक वर्ष तोटा सोसता येतो, छोटीला नाही. याआधी कितीतरी हिंदी जहाज कंपन्या अशाच बुडाल्या होत्या. सिंदियाही बुडेल असं वाटत होतं.

शेवटी १९२३ मध्ये दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने जहाजं किती ठेवायची यावर मर्यादा आली, आणि परदेशी मार्ग सोडून हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोनच्या किनाऱ्यापुरतंच राहायचं असं ठरलं. लंडनला जहाज नेणाऱ्या माणसावर किनाऱ्याकिनाऱ्याने चालायची पाळी आली! वालचंदशेठना हा करार किती झोंबला असेल! पण त्यांनी सही होऊ दिली, कारण कंपनी जिवंत राहिली तर पुढे लढता येईल. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड निवड होती. फायनल इयरला केटी घेऊन का होईना, पण वर्ष वाचवायचं, असंच काहीसं.

१९२९ मध्ये नरोत्तम मोरारजींचं निधन झालं आणि वालचंदशेठ सिंदियाचे अध्यक्ष झाले. १९५० पर्यंत तेच होते. या काळात त्यांनी एक मागणी सतत लावून धरली, की हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा. १९२८ मध्ये कायदेमंडळात त्यासाठी विधेयकसुद्धा आलं, पण ब्रिटिश सरकारच्या काळात ते पार पडलं नाही. दुसरी मागणी अशी की जहाजावरचे अधिकारी हिंदी हवेत. कोकणातले खलाशी पिढ्यान्‌पिढ्या आगबोटींवर होते, कोळसा ओढत, दोर ओढत. पण कप्तानाच्या जागेवर आपला माणूस नाही. १९२७ मध्ये मुंबईत डफरीन हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं आणि हिंदी मुलांना अधिकारी व्हायचा रस्ता उघडला. पण शिकून बाहेर पडल्यावर नोकरी कोण देणार? सिंदियासारखी आपली कंपनी होती म्हणून त्या मुलांना जहाजं मिळाली. कॅम्पस प्लेसमेंटचं टेन्शन असलेल्या आपल्याला हे जास्त चांगलं समजेल!

१९३७ मध्ये सिंदियाने हजच्या यात्रेकरूंसाठी अल मदिना हे नवीन जहाज आणलं. म्हणजे एका जैन व्यापाऱ्याची कंपनी मुसलमान यात्रेकरूंना घेऊन जेद्दाला जाऊ लागली. तिथे पुन्हा जुन्या कंपनीशी भाड्याची लढाई झाली. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास कोकण किनाऱ्यावर बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही सिंदियाच्या हातात आली. इथे येऊन माझ्या आजीची गोष्ट वालचंदशेठच्या गोष्टीला मिळते. १९५५ च्या त्या बोटीवर धुरांड्याखाली वळकटी टाकून झोपलेल्या माझ्या पणजोबांना जो अभिमान वाटत होता, त्याच्यामागे छत्तीस वर्षांचं हे सगळं भांडण होतं.

पण आता खरं सांगायचं तर एक गोष्ट मला खटकली, आणि ती लिहिली नाही तर हा लेख सत्कार समारंभाचं भाषण होईल. आजीने त्या प्रवासाचं जे वर्णन केलं ते काही सुखाचं नव्हतं. मालवणला तेव्हा बोट धक्क्याला लागत नसे. ती लांब समुद्रात उभी राहायची. किनाऱ्यावरून होडीत बसायचं, होडी लाटांवर वरखाली होत बोटीपाशी जायची, आणि मग लाट वर आली की खलाशी हाताला धरून माणसाला वर ओढून घ्यायचे. बाया, पोरं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळं तसंच. एकदा पाय चुकला की खाली समुद्र. वर गेलं की डेकवर जागा धरायची घाई. ज्याची वळकटी आधी पडली त्याची जागा. इंजिनाची धग, धुराची काजळी, माशांच्या टोपल्यांचा वास आणि सगळीकडे उलट्या. वरच्या वर्गाच्या खोल्या होत्या, पण त्यांचं दार आजीने फक्त बाहेरून पाहिलं. पावसाळ्यात तर बोटी बंदच, कोकण चार महिने कुलूपबंद.

आणि डेकची गर्दी म्हणजे नुसती गैरसोय नव्हती. १७ जुलै १९४७ ला रामदास ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. ती आषाढी अमावास्या होती, गटारी, लोक सणाला घरी चालले होते. ही बोट सिंदियाची नव्हती. मालकी मात्र तिचीही हिंदीच होती. म्हणजे मालक आपला झाला म्हणून डेकवरचा माणूस आपोआप सुरक्षित होत नाही. जहाज आपलं झालं, पण डेक बराच काळ डेकच राहिला.

मग वालचंदशेठनी केलं ते काय कामाचं? मी यावर खूप विचार केला. आजीला पण विचारलं. तिने सांगितलं की तिच्या वडिलांच्या लहानपणी बोटीवर साहेबाशी बोलायची छाती नव्हती. पण तिच्या वेळेला तिकीट तपासणाऱ्याशी तिचे वडील चक्क मालवणीत भांडले होते, जागेवरून! आणि तोही मालवणीतच उलट भांडला. मला वाटतं फरक हाच. डेक वाईट होता, पण त्याबद्दल भांडायचं कुणाशी हे तरी आपल्या हातात आलं. बाकीचं काम पुढच्यांनी करायचं होतं. ते किती झालं, किती राहिलं, हा वेगळा विषय.

वालचंदशेठ मात्र जहाज विकत घेऊन थांबणारे नव्हते. जहाज घ्यायचं तर दरवेळी विलायतेच्या कारखान्यापुढे उभं राहायचं, हे त्यांना नको होतं. त्यांना जहाज इथे बांधायचं होतं. जागा शोधता शोधता शेवटी विशाखापट्टणम नक्की झालं. २१ जून १९४१ ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९४२ मध्ये, जपानने विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले! काम थांबलं, यंत्रसामग्री हलवावी लागली. माणूस हरला असता. पण १४ मार्च १९४८ ला, स्वातंत्र्य मिळून सात महिने झाले होते, तेव्हा जलउषा हे ८ हजार टनांचं जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. मुंबईत दुसऱ्याचं जुनं जहाज विकत घेण्यापासून स्वतःचं नवं जहाज पाण्यात सोडण्यापर्यंत एकोणतीस वर्षं लागली.

मधल्या काळात त्यांनी विमानाचा कारखाना पण काढला. त्याचीही सुरुवात प्रवासातच! १९३९ मध्ये अमेरिकेहून परत येताना विमानात विल्यम पॉली नावाच्या अमेरिकन माणसाशी ओळख झाली, तो चीनमध्ये विमानं बनवायचा. वर्षभरात, डिसेंबर १९४० मध्ये, म्हैसूर सरकारच्या मदतीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झालं. तेच आजचं एचएएल, जिथे इंटर्नशिप मिळावी म्हणून आपले सीनियर्स मेलवर मेल टाकतात. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे मुंबईची ती काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी बनवणारी कंपनी. शिवाय वालचंदनगरची साखर आणि लहानपणी खाल्लेल्या रावळगावच्या गोळ्या. एका आयुष्यात हे सगळं!

यातलं किती त्यांच्या हातात राहिलं? विमानाचा कारखाना १९४२ मध्येच सरकारने युद्धासाठी ताब्यात घेतला. जहाजाच्या कारखान्यात १९५२ मध्ये सरकारचा मोठा वाटा आला आणि पुढे तो पूर्ण सरकारी झाला. १९४९ च्या सुमारास त्यांना पक्षाघात झाला, पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतलं. पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूरला ते गेले. सागरी दिनानंतर तीनच दिवसांनी ही तारीख येते. सांगलीचं कॉलेज धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये न्यू इंजिनिअरिंग कॉलेज म्हणून सुरू केलं होतं, त्याला वालचंद हे नाव १९५५ मध्ये मिळालं. म्हणजे ज्या वर्षी माझी आजी डेकवर उलट्या करत होती, त्याच वर्षी!

आता आमच्या खोलीचं काय झालं ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल विषय तसाच सोडला.

एवढं वाचल्यावर मी घरात एक्सपर्ट झाले होते. मी कागद घेऊन सगळ्यांना समजावलं. जहाज पुढेमागे हलतं तेव्हा सी-सॉसारखं हलतं, टोकाला जास्त, मध्ये कमी. डावी-उजवीकडे कलतं तेव्हा जितकं वर जावं तितकं जास्त हलतं. म्हणून ज्याला बोट लागते त्याने मध्यावरची आणि खालची खोली घ्यावी. पण बाल्कन्या असतात वर. मग काय, ट्रेड-ऑफ! आजीसाठी मध्यावरची बाल्कनी. शिवाय उंचीचा फायदा पण आहे. डोळे पाण्यापासून २० मीटरवर असतील तर क्षितिज सुमारे १६ किलोमीटरवर जातं. समोरच्या डोंगरावर ४९ मीटर उंचीवर दिवा असेल तर त्याचे आणखी २५ किलोमीटर मिळवा. म्हणजे हवा स्वच्छ असेल तर ४० किलोमीटरवरूनही दिवा दिसू शकतो.

आणि बाजू कुठली? इंग्रजीत पॉश या शब्दाबद्दल एक दंतकथा आहे. साहेब लोक हिंदुस्थानात येताना पोर्ट म्हणजे डाव्या बाजूची आणि परत जाताना स्टारबोर्ड म्हणजे उजव्या बाजूची खोली मागायचे, तिकडे ऊन कमी, त्यावरून तो शब्द आला म्हणे. याला पुरावा काही सापडलेला नाही. पण गंमत बघा, आमच्या कोकणाला ते तंतोतंत लागू पडतं! मुंबईहून दक्षिणेला निघालं की किनारा डाव्या हाताला. परत येताना उजव्या हाताला. खोली तर एकच मिळणार. मग जातानाचं मालवण हवं की येतानाचं? सगळ्यांनी आजीकडे बघितलं. तिने क्षणभर विचार केला आणि जातानाचं म्हणाली. मुंबईहून गावाला येताना पहाटे सगळे डेकवर डाव्या बाजूला गोळा व्हायचे, घर दिसतंय का बघायला, ते तिला आठवत होतं.

जहाज जुन्या बांधणीचं, १९९० चं, त्यामुळे त्यात बाल्कनीच्या खोल्या कमीच. आम्ही पाच जणांत एक डावीकडची बाल्कनी आणि एक इनसाइड घेतली. बाबा आणि भाऊ आत झोपतील, पहाटे मात्र सगळे बाल्कनीत यायचे असं ठरलंय. दोन खुर्च्या आणि पाच माणसं, म्हणजे पुन्हा डेकच!

बाबा पैसे भरत होते तेवढ्यात आजीने विचारलं, ही बोट कुणी बांधली? मी बघितलं. फ्रान्समध्ये बांधलेली, आधी एका अमेरिकन कंपनीकडे होती, मग इकडे आली. म्हणजे पुन्हा परदेशातून आलेली वापरलेली एम्प्रेस! आजी हसली आणि तिने सुपारीचा डबा बंद केला.

मी मात्र त्या रात्री आमच्या शाखेच्या इलेक्टिव्ह विषयांची यादी परत एकदा काढून बघितली. नेव्हल आर्किटेक्चर त्यात नाही. ऑनलाइन कोर्स मात्र आहे. सेमिस्टर संपल्यावर नाव घालते.